मोगऱ्याच्या तीन हिरव्या ओळी

मी गर्विष्ठ बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पाठीमागे कुणी बोलायला नको. बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतेय. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज वसईपासून विरारपर्यंत दवाखाने थाटून बसली आहेत, आणि ताप आला म्हणून मी गेले की खुर्चीतून उठून उभी राहतात. मला ते आवडतं. एक जण उठला नाही, त्याच्याकडे मी पुन्हा गेले नाही.

माझा सगळ्यात हातखंडा धडा म्हणजे इंडक्शन, पुस्तकी मराठीत प्रवर्तन. नाव काढलं की वर्ग हसतो, कारण सगळ्यांच्या घरी त्या नावाची शेगडी असते. मी हसू देते. मग सांगते, अंड्यात वाढणारं कोंबडीचं पिल्लू डोळ्यांसमोर आणा. त्याच्या मेंदूच्या बाजूने एक फुगवटा वाढत वाढत कातडीपर्यंत येतो आणि तिला टेकतो. टेकला की ती साधी कातडी काचेसारखी व्हायला लागते, तिचं डोळ्याचं भिंग होतं. फुगवटा तिथवर पोचलाच नाही, तर ती जन्मभर कातडीच राहते. भिंग व्हायची ताकद तिच्या अंगात होतीच, बाहेरून इशारा यायला हवा होता. आतड्यातल्या जिवाणूंचंही तेच. दुधातली साखर समोर आली की मगच ते ती पचवायचं रसायन बनवायला घेतात. पाहुणे यायच्या आधीच पुरण कोण शिजवून ठेवतं? आणि झाडांचंही तेच. दिवस लहान झाल्याची, तहानेची खबर पानामुळांना लागते, ती खबर शेंड्याला पोचते, आणि आजवर नुसती पानं काढणारा शेंडा कळी काढायला लागतो.

हे मी असं काही रंगवून सांगते की शेवटच्या बाकावरचे मोबाइलसुद्धा खिशात जातात. आणि हे शिकवणाऱ्या मीच माझ्या स्वतःच्या हाताने सासूबाईंच्या मोगऱ्याला नको तेव्हा पाणी घातलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्यात मी कोरडीही राहिले नाही, सगळा चिखल करून ठेवला.

आमचं घर वसईजवळच्या निर्मळ गावचं. म्हणजे नवऱ्याचं. आम्ही दोघं वसईला फ्लॅटमध्ये राहतो. नवरा बँकेत, मी कॉलेजात. निर्मळच्या वाडीत माझे धाकटे दीर आणि सासूबाई. दिरांना मी भाऊजी म्हणते, सासूबाईंना आई. वाडीत केळी, नारळ, दारापुरती भाजी, आणि विहिरीच्या अंगाला मोगऱ्याच्या चौदा ओळी. मोगरा आईंचा. सासरे लवकर गेले. त्यानंतर त्याच कळ्या उन्हं यायच्या आत खुडून, ओल्या फडक्यात बांधून बाजाराला लावून आईंनी दोन मुलगे शिकवले. वाडीतल्या बाकी कशालाही कुणीही हात लावावा, मोगऱ्याला आईंना विचारल्याशिवाय नाही.

आई चौथी शिकलेल्या. माहेर भातशेतीवाल्या गावचं, त्यामुळे ‘पाणी’चं ‘पानी’. माझ्याशी बोलताना त्या भाषा जरा सरळ करून बोलतात, रागावल्या की ते विसरतात. मोगऱ्याचं त्यांचं पंचांग वेगळंच आहे. कार्तिकात निर्मळची जत्रा भरते. जत्रेतल्या सुकेळीवाल्यांची, म्हणजे सुकवलेली केळी विकणाऱ्यांची, पालं उठली की मोगऱ्याचं पाणी तोडायचं. थेंब द्यायचा नाही. आणि शेजारच्या ख्रिस्ती घरांवर लागलेले नाताळचे तारे उतरले, की छाटणी करायची, उरलीसुरली पानं हाताने ओरबाडायची, शेणखत घालायचं आणि पाणी सोडायचं. मधले दीड-दोन महिने बाग ताणावर. पाणी तोडायचं हिंदूंच्या जत्रेला आणि सोडायचं ख्रिश्चनांच्या सणाला, यात काही विशेष आहे असं आईंना कधी वाटलेलं नाही. तारे उंचावर असतात, ओट्यावरून दिसतात, एवढंच त्यांचं म्हणणं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, ताण कशाला? त्या म्हणाल्या, “बाय, तहान लागली की झाडाला मरनाची आठवन होते. मग ते पानांचे लाड सोडतं आनि कळी धरतं. पोट भरलेलं झाड कशाला फुलेल?” मी मनात म्हटलं, वा, काय छान कल्पना! आणि विसरून गेले. त्याच आठवड्यात मी वर्गात इंडक्शन शिकवलं असणार. पण तो इंग्रजी शब्द आणि हा ताण एकच, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

माझं माहेर बीड जिल्ह्यात, पाटोद्याकडे. आमच्याकडे कुणी झाडाला ताण देत नाही, तो आपोआप मिळतो, माणसांसकट. लहानपणी टँकर आला की आम्ही भावंडं घागरी घेऊन पळायचो. भाजी धुतलेलं पाणी माझी आई टाकायची नाही, तुळशीला घालायची. हात धुतलेलं पाणी लिंबाला. तिने एकच धर्म शिकवला, सुकलेलं झाड बघून पुढे गेलीस तर पाप लागेल. बाकी उपासतापास तिने मला कधी करायला लावले नाहीत. तेवढं एक अंगात मुरलंय.

तर झालं असं. आईंचे गुडघे गेले. आधी एकाचं ऑपरेशन, मग दुसऱ्याचं, मग दुसऱ्यातलं दुखणं. जवळजवळ तीन वर्षं त्या आमच्या फ्लॅटवर होत्या. वाडीत जिना नाही, पण चढउतार फार. भाऊजींनी ठरवलं की आई परत येईल तेव्हा तिला पाइप ओढायला लागू नये. म्हणून मोगऱ्यात ठिबक बसवलं, आणि मोटारीला टायमर. रोज सकाळी ठरल्या वेळी आपोआप पाणी. मुलगा असावा तर असा, असं मीच चार जणींत म्हटलं होतं.

मोगरा हिरवागार झाला. पण कळी पहिल्या वर्षी निम्मी आली, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी, तिसऱ्या वर्षी देवापुरती. आई फोनवर विचारायच्या, “पानी तोडलंस का रे?” भाऊजी म्हणायचे, हो हो. तोडलेलं नसायचं. ठिबकवाल्याने त्यांना सांगितलं होतं, रोज थोडं थोडं पाणी दिलं की झाड खूश राहतं, आणि भाऊजींना ते पटलं होतं. आईचं म्हणणं जुन्या बायांचं खूळ वाटलं होतं. आणि मी? मी दर रविवारी आंब्याखाली बसून चहा प्यायचे आणि म्हणायचे, “किती छान पालवी आहे हो भाऊजी!”

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर आई वाडीत परत गेल्या. काठी टेकत मोगऱ्यापाशी पोचल्या, एक फांदी वाकवून बघितली. मग म्हणाल्या, “हा मोगरा हाय का आंबाडी?”

भाऊजींनी तेव्हाच विषय काढला. झाडं म्हातारी झाली आई, आता यांच्यात राम नाही. काढून टाकू आणि तिथे बॉक्स क्रिकेटचं टर्फ करू. हल्ली गासपासून नंदाखालपर्यंत पोरांना टर्फ लागतं. माझा नवरा मूग गिळून बसला. आईंनी भांडण केलं नाही. एवढंच म्हणाल्या, “एक बहर दे मला. गुढीपाडव्यापर्यंत कळी नाय धरली, तर टर्फाचा नारळ मीच फोडीन.” भाऊजी लगेच हो म्हणाले. हे बोलणं माझ्यासमोर झालं. नंतर आई स्वयंपाकघरात गेल्या आणि भरल्या ताटावरून तशाच उठल्या, तेही मी बघितलं.

जत्रेची पालं उठली. आईंनी स्वतः टायमरची वायर उपटली, ठिबकच्या नळ्या गुंडाळून केळीच्या बुंध्याशी टाकल्या. डिसेंबर लागला तशी पानं मऊ पडली, मग लोंबायला लागली, मग कडेने पिवळी झाली.

डिसेंबरच्या मध्यावर एका शनिवारी घरातले सगळे गासला लग्नाला गेले. मला पेपर तपासायचे होते म्हणून मी वाडीत एकटी राहिले. दुपारी ओट्यावर बसले होते. समोर चौदा ओळी माना टाकून उभ्या, आणि त्यांच्या शेजारी विहीर तुडुंब भरलेली. मी एक पेपर तपासला, वर बघितलं. दुसरा तपासला, वर बघितलं. पाटोद्याला विहीर आटल्यावर आम्ही तळाशी उतरून वाटीने पाणी भरायचो, आणि इथे भरल्या विहिरीशेजारी झाड तहानेने मरतंय! काय हे? मला बघवेना. पाणी तोडलंय हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं हो. पण डोक्याला माहीत असणं वेगळं. पदर खोचला, मोटर लावली, पाइप ओढला आणि पहिली ओळ भिजवली. चांगली आळं भरून. दुसरी भिजवली. तिसरीच्या शेवटाशी पोचले तेवढ्यात वीज गेली.

ती गेली म्हणून चौदापैकी तीनच. मला तर हळहळ वाटली, बाकीच्या अकरा बिचाऱ्या राहिल्या म्हणून. संध्याकाळपर्यंत त्या तीन ओळींची पानं ताठ झाली. मी स्वतःवर खूश होऊन वसईला परत आले.

सोमवारी बारावीचा तास होता. धडा इंडक्शनचा. भिंग झालं, जिवाणू झाले. मग मी फळ्यावर झाडाचा शेंडा काढला आणि म्हटलं, “पुष्कळ झाडांत पाण्याचा ताण पडला की फुलाचा इशारा मिळतो, आणि मधेच पाणी मिळालं तर तो इशारा...” आणि तिथेच माझा खडू थांबला. एका पोरीने विचारलं, मॅडम, तर काय होतं? मी म्हटलं, “पुसला जातो.” पुढची दहा मिनिटं मी काय शिकवलं देव जाणे.

तास संपला तशी स्कूटर काढली आणि थेट निर्मळ गाठलं. आई ओट्यावर लसूण सोलत होत्या. वाटेत मी जे जे बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. मी म्हटलं, “आई, मी पाणी घातलं.” त्या म्हणाल्या, “म्हाईत हाय. चिखलात तुझ्या चपलांचे ठसे हायत. आमच्यात कोन हील घालून वाडीत जातं?”

मला रडू आलं. बावीस वर्षं शिकवतेय आई, मला कळायला हवं होतं, असं काहीबाही बोलत राहिले. त्यांनी लसणीची परडी बाजूला ठेवली. “दुष्काळातली पोर तू. पानी घालनारच. पन आता गप रहा. धाकट्याला समजलं तर म्हनेल, बघ, आईचंच खूळ, आनि वैनीलापन पटत नाय.” मी विचारलं, त्या तीन ओळींचं काय होईल? “पानं,” त्या म्हणाल्या.

तारे उतरले. आम्ही सगळ्यांनी मिळून छाटणी केली, पानं ओरबाडली, खत घातलं, पाणी सोडलं. चौदाही ओळींना सारखीच कात्री, सारखंच खत, सारखंच पाणी. फरक एकाच गोष्टीचा होता, आणि तो मी आणि आई दोघींनाच ठाऊक.

जानेवारी संपता संपता त्या तीन ओळी अशा काही फुटल्या की काय सांगू! लुसलुशीत पोपटी पालवी, गुडघाभर. आणि शेजारच्या अकरा ओळी म्हणजे नुसत्या काटक्या. कोंबांचे डोळे फुटलेले, पण अगदी बारीक, जवळ जाऊन बघावे लागतील असे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, तीन जिवंत, अकरा मेल्या.

आणि लांबून बघणारा एक आला. फेब्रुवारीतल्या एका रविवारी भाऊजी टर्फवाल्याला घेऊन आले, मापं घ्यायला. पाडव्याला अजून अवकाश होता, पण माप घ्यायला काय जातंय, असं त्यांचं म्हणणं. टर्फवाल्याने टेप ओढली. भाऊजींनी काटक्यांकडे बोट दाखवलं. “आई, तूच बघ. ठिबक बंद करून तू अकरा ओळी मारल्यास. विहिरीकडच्या या तीनच वाचल्या, कुठूनतरी ओलावा मिळाला असेल म्हणून.”

तो ओलावा कुठून आला ते माझ्या जिभेच्या टोकावर होतं. तेवढ्यात आई म्हणाल्या, “ओलावा नाय. त्या तीन ओळी तुझ्या वैनीने मुद्दाम भिजवल्यात. कॉलेजात शिकवते ती. तानाने काय होतं आनि तानाशिवाय काय होतं, ते ताडून बघायला.”

मी आईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. असं खोटं इतक्या सरळ चेहऱ्याने बोलताना मी त्यांना आजवर बघितलेलं नव्हतं.

भाऊजी माझ्याकडे वळले. “खरं, वहिनी?”

आता माघार कशी घेणार? आणि खरं सांगू, मला माघार घ्यायचीही नव्हती. अंगात आलं माझ्या. त्या काटक्यांवरचे बारीक डोळे मी सकाळीच जवळून बघितले होते. कुठला शेंडा काय करणार आहे, ते मला दिसत होतं. मी म्हटलं, “भाऊजी, महिनाभर टेप गुंडाळून ठेवा. या हिरव्या तीन ओळींत शेजारच्या एका ओळीइतकी जरी कळी आली, तरी टर्फचा नारळ मी स्वतः आणते, शेंडी राखून.” टर्फवाला हसला. भाऊजी हसले नाहीत. मी एकदा बोलले की ते खरं करून दाखवते, हे त्यांना माहीत आहे.

तो महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. दर एक-दोन दिवसांनी कॉलेज सुटलं की स्कूटरने निर्मळ. नवरा म्हणायचा, “अगं, तुझ्या बघण्याने कळी लवकर येणार आहे का?” नसेल येणार. मला बघायचं होतं, बस्स. कारण आता तिथे नुसता आईंचा मोगरा नव्हता, माझा सगळा बडेजाव तिथे उभा होता. तर्कशास्त्रातही इंडक्शन नावाची एक रीत आहे. एकेक दाखला बघत बघत नियमापर्यंत जायचं. आईंनी चाळीसेक हिवाळे बघितले होते. कुठल्या साली अवकाळी पाऊस पडून ताण मोडला, कुठल्या साली शेजाऱ्याच्या पाटाचं पाणी फुटून एक कोपरा भिजला, आणि त्या त्या साली कळीचं काय झालं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. वहीत एक अक्षर नव्हतं. माझ्याकडे दोन पदव्या होत्या, आणि हिवाळा एकच, तोही चुकून.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आईंचा सकाळी सकाळी फोन आला. “ये.” एवढंच. मी पहिले दोन तास बदलून घेतले आणि गेले.

अकरा ओळी भरल्या होत्या. प्रत्येक फुटव्याच्या टोकाला तीन-तीन कळ्या, मधली मोठी, बाजूच्या दोन लहान. पानं कमी आणि कळ्या जास्त. उन्हं अजून आली नव्हती, आणि वास असा की विहिरीपाशीच पाय थांबले. मी पुढे जाऊन माझ्या तीन ओळी बघितल्या. कमरेपर्यंत पानं. पानं बाजूला सारून सारून शोधलं, तेव्हा तिन्ही ओळींत मिळून माझी एक ओंजळ भरली नाही.

भाऊजी आधीच तिथे होते. दोन्ही तऱ्हेच्या ओळींच्या मधे उभे. एका हाताला पांढरं, एका हाताला हिरवं. इतकं समोरासमोर मांडलेलं की शिकवायची गरजच नाही. मला वाटलं होतं मी जिंकल्यावर काहीतरी झणझणीत बोलेन. बोलणं तयारही होतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि बोलणं जिथल्या तिथे राहिलं.

“म्हणजे झाडं म्हातारी नव्हती,” ते म्हणाले. “तीन वर्षं मीच...” आणि हातातल्या टोपलीकडे बघत राहिले. “आईला पाइप ओढायला लागू नये म्हणून टायमर लावला होता वहिनी. बाकी काही नव्हतं हो मनात.”

हा घरातला सगळ्यात धिप्पाड माणूस. नारळावर चढतो, विहिरीत उतरतो. त्याचे डोळे भरून आले होते. मला ते सहन झालं नाही. आईंनी मला जो मान उसना मिळवून दिला होता, तो त्या क्षणी मला नकोसा झाला.

मी म्हटलं, “भाऊजी, मीही मुद्दाम नाही घातलं पाणी. तुम्ही सगळे लग्नाला गेला होतात. मला ती सुकलेली झाडं बघवली नाहीत, म्हणून घातलं. वीज गेली नसती तर चौदाही ओळींची वाट लावली असती. प्रयोग-बियोग काही नव्हता. आई माझ्यासाठी खोटं बोलल्या.”

भाऊजींनी टोपली खाली ठेवली. मग इतक्या मोठ्याने हसले की शेजारच्या वाडीतलं कुत्रं भुंकायला लागलं. “तुम्ही? इंडक्शनवाल्या मॅडम?”

“हो, मीच. हसा.”

आई मागे काठी टेकून उभ्या होत्या. मला वाटलं रागावतील, त्यांचं खोटं मी उघडं पाडलं म्हणून. त्या म्हणाल्या, “दोघांनी बी मायेनेच घातलं. मोगऱ्याला माया कळत नाय, तर तो तरी काय करील? खुडा आता, उन्हं येतील.” आणि आम्ही तिघांनी खुडलं. त्या दिवशी मी दोन नाही, चार तास बुडवले. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

पाडव्याला नारळ फुटला, तो गुढीपुढे. टर्फवाल्याला भाऊजींनी परस्पर फोन करून नाही सांगितलं.

पाडव्यानंतर मी बारावीला चाललेली माझी मुलं वाडीत आणली, सुट्टीतला तास म्हणून. आई ओट्यावर बसल्या, मुलं अंगणात. मी म्हटलं, आज मी नाही शिकवणार, या शिकवतील. आईंना आधी लाज वाटली. मग गाडी जी सुटली ती थांबेना. जत्रेची पालं, नाताळचे तारे, तहान, मरणाची आठवण, सगळं सांगून झालं. शेवटी मुलांना माझ्या तीन ओळींपाशी नेलं आणि म्हणाल्या, “ह्या तुमच्या मॅडमच्या. हिने चूक केली म्हनून माझ्या पोराला खरं समजलं. मी तीन वर्षं सांगत होते, तेव्हा नाय समजलं.” पोरं माझ्याकडे बघून हसली. वर्गात हसली असती तर मी एकेकाला बाहेर उभं केलं असतं. तिथे मी ताठ मानेने उभी होते. सासू असावी तर अशी, हे आता मी चार जणींत सांगते, आणि टायमरचं काही बोलत नाही.

यंदा आईंचे गुडघे पुन्हा धरलेत. ओट्यावरून खाली उतरणं होत नाही. परवा मी स्टाफरूममध्ये डबा खात होते, तेव्हा भाऊजींचा फोन आला.

“वहिनी, जत्रा उठली.”

“बरं.”

“आईला विचारलं, पाणी आज तोडू का. ती म्हणते, मला नको विचारू. वैनीला विचार.”

मला आधी कळेचना. मी म्हटलं, “मला काय विचारायचं त्यात? आईंचा मोगरा आहे.”

“तेच म्हटलं मी. ती म्हणते, आता तिला समजतं. यापुढे ती सांगेल तेव्हा तोडायचं, ती सांगेल तेव्हा सोडायचं.” मग ते म्हणाले, “आणि त्या तीन ओळींचं काय करायचं, तेही तुम्हीच ठरवायचं म्हणे. तेवढ्या भिजवायच्या असतील तर भिजवू. पाइप बाहेरच आहे.”

समोर डबा उघडा होता, बाजूला माझी पाण्याची बाटली. मला पाटोद्याची तुळस आठवली, भाजी धुतलेलं पाणी आठवलं, माझी आई आठवली. ती असती तर या फोनवर मी काय सांगतेय ते ऐकून मला काय म्हणाली असती, कोण जाणे. मी घोटभर पाणी प्यायले.

“भाऊजी, पाइप गुंडाळून माळ्यावर टाका,” मी म्हटलं. “तोडा. चौदाही.”